थडग्यातल्या दगडावरची बाई

प्रश्न असा आहे: प्राचीन चीनमधल्या थडग्यांत जे कोरीव लेख सापडतात, त्यांवरून तिथे आदर्श बाई कशी मानली जायची हे खरंच कळतं का? की ती सगळी मेल्यानंतरची स्तुती, आणि तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही?

स्तुती आहेच. 'मेल्या म्हशीला मणभर दूध' हा प्रकार चीनमध्ये दगडावर कोरून ठेवलेला आहे. पण म्हशीला खरं दूध किती होतं हे कळलं नाही, तरी त्या घरात दुधाला मोल होतं की शेणाला, एवढं तर कळतंच. अनेक वर्षं या लेखांचे कागदावरचे ठसे वाचून माझं मत असं झालंय की साचा आधी पाठ करावा आणि मग तो कुठे तडकलाय ते बघत बसावं. साच्यात घरच्यांची अपेक्षा दिसते, तडकलेल्या जागी कधी कधी बाई दिसते.

आधी वस्तू. या लेखाला मूचिमिंग म्हणतात: थडगं, नोंद आणि पद्य असे तीन शब्द जोडून झालेलं नाव. डोळ्यांसमोर दफनभूमीतला उभा दगड आणू नका. हा दगड चौरस, पाटासारखा आडवा, हात-दीड हाताचा. त्यावर तसंच चौरस दगडी झाकण. झाकणावर जुन्या वळणाच्या अक्षरांत मथळा, खालच्या दगडावर बारीक अक्षरांत मजकूर. आधी गद्यात वंश, गुण, मृत्यू, दफन. शेवटी यमक जुळवलेलं पद्य. हे सगळं शवपेटीजवळ ठेवायचं आणि थडगं बुजवायचं. लेखकाकडच्या प्रती मात्र बाहेर फिरत, मोठ्या लेखकांच्या समग्र ग्रंथांत छापल्या जात. म्हणजे वाचक दोन: खाली पितर, वर शेजारीपाजारी.

लेख जमिनीखाली गेला तो सरकारी बंदीमुळे. हान काळात थडग्यासमोर उंच शिळा उभारायची चढाओढ लागली होती. २०५ साली त्या घराण्याच्या शेवटच्या काळातला सत्ताधीश सेनानी छाओ छाओ याने उधळपट्टी म्हणून तिला बंदी घातली, २७८ साली जिन घराण्याच्या वू सम्राटाने पुन्हा घातली. लोकांनी शिळा लहान केली आणि आत नेली. पाचव्या शतकाच्या शेवटी उत्तर वेई घराणं लुओयांगला आलं तेव्हा तिला आजचा चौरस आकार पक्का मिळाला. लुओयांगच्या उत्तरेच्या मांगशान टेकड्यांत हे दगड इतके निघाले की चांग फांग नावाच्या सेनानीने १९३०च्या दशकात हजारावर तांगकालीन (सातवं ते दहावं शतक) लेख जमवून आपल्या गावी भिंतींत बसवले. त्या जागेचं नावच 'हजार तांग लेखांचं घर' आहे. आम्ही वाचतो ते बहुतेक ठसे: दगडावर पातळ ओला कागद बसवायचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी टिपत जायचं. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उठतात.

आता मथळा. बाईच्या दगडावर तो साधारण असा: 'महान तांगच्या अमुक पदावरील दिवंगत अमुक यांच्या पत्नी, त्सुई घराण्यातील बाई, यांचा लेख'. बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत आणि मेल्यावरही तिचंच राहतं. जातं ते नाव. पुष्कळ लेखांत ते नसतंच, त्याऐवजी पणजोबा, आजोबा आणि बाप यांच्या हुद्द्यांची यादी असते. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या चौकटीत 'सौ.' की 'गं. भा.' एवढ्यावर बाईची अर्धी ओळख पुरी होते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे परकं वाटणार नाही.

मग नात्यांचे शब्द येतात, आणि इथे मराठी माणसाला एक गंमत फुकट मिळते. मी सुरुवातीला इंग्रजी कोशांवरून शिकले. लेखांत दर तीन ओळींनी 'तिने च्यिऊ-कूंची सेवा केली' असं यायचं. कोशात च्यिऊ म्हणजे मामा आणि कू म्हणजे आत्या. शिवाय वेगळ्या अर्थात सासरा आणि सासू. मी हे दोन अर्थ घोकून पाठ करत होते. मग एका सुट्टीत घरी आजी तिच्या सासऱ्यांबद्दल बोलताना 'मामंजी' म्हणाली, सासूला 'आत्याबाई' म्हणाली, आणि मी वहीवरचं पेन उचललंच नाही बराच वेळ. एर-या या प्राचीन शब्दकोशात स्वच्छ नोंद आहे की सून नवऱ्याच्या बापाला च्यिऊ म्हणते आणि आईला कू. आते-मामे भावंडांत लग्नं लागणाऱ्या समाजाची खूण दोन्ही भाषांत जशीच्या तशी उरलेली. जावांसाठीही या लेखांत खास शब्द आहे, आणि 'जावांत तिचं पटत असे' हे हमखास वाक्य. इंग्रजीत त्याचं 'सिस्टर-इन-लॉ' झालं की नणंद-भावजय-जाऊ सगळ्या एका डब्यात जातात आणि वाक्यातली धार निघून जाते. एकत्र कुटुंबात जावांत पटणं ही काय चीज असते, ते आपल्याला समजवावं लागत नाही.

आणखी एक शब्द: क्वेई. म्हणजे परत येणे. मुलीचं लग्न होतं तेव्हा लेखात ती नवऱ्याकडे 'परत आली' असं लिहितात. जन्मलेलं घर मुक्कामाचं, दिलेलं घर मूळचं. विधवा स्वतःला म्हणे 'अजून न मेलेली व्यक्ती'. हे शब्द कोरताना कोणी विचार केला नसेल, आणि म्हणूनच साच्याचा खरा पाया तेच आहेत.

साचा तसा लवकर पाठ होतो. हान काळातल्या विदुषी बान चाओने बाईच्या चार गोष्टी सांगितल्या: वर्तन, बोलणं, रूप, हातचं काम. त्याच्या जोडीला तीन आज्ञापालनं, आधी बापाचं, मग नवऱ्याचं, शेवटी मुलाचं. 'पिता रक्षति कौमारे' आठवलं तर चूक नाही, फक्त तिथला भर रक्षणावर आहे आणि इथला मागे चालण्यावर. पुढे दाखले. बायको चांगली म्हणायची तर मंग क्वांगचं नाव घ्यायचं, जी नवऱ्यापुढे जेवणाचं ताट भुवयांपर्यंत उचलून धरायची. आई चांगली म्हणायची तर मेन्शियस या तत्त्वज्ञाची आई, जिने मुलासाठी तीनदा घर बदललं आणि तो अभ्यास सोडून आला तेव्हा मागावरचं कापड कापून टाकलं. विधवेसाठी 'सुरूच्या लाकडाची नाव' हे जुनं गीत, ज्यातली बाई दुसरं लग्न नाकारते. दहा-वीस लेख वाचले की पुढचा दाखला दगडाआधी आपणच म्हणतो.

हा साचा किती रिकामा असू शकतो ते पाहायचं तर तांग राजवाड्यातल्या दासींचे दगड पाहा. मथळ्यात फक्त 'दिवंगत राजवाडा-स्त्री, अमुक श्रेणी'. मजकुराची सुरुवात: 'ही कुठली होती ते माहीत नाही.' मग चांगल्या घरातली होती, निवड होऊन वाड्यात आली, वागणं नम्र होतं. त्याच गुणांची, जवळजवळ त्याच शब्दांची वाक्यं दगडामागून दगड. कारकुनाकडे नमुना तयार, तारीख आणि वय भरायचं. नाव, गाव काहीही ठाऊक नसताना सद्गुण मात्र ठाऊक आहेत! शिकवायला बसले की मी पहिला ठसा हाच काढते.

आता उलट टोक. लुओयांगमध्येच दोन दगड, दोन वर्षांच्या आत पुरलेले. एक त्सुओ फेनचा. ती जिन घराण्याच्या त्याच वू सम्राटाची उपराणी, त्सुओ स या प्रसिद्ध कवीची बहीण आणि स्वतः नावाजलेली कवयित्री. इतिहासग्रंथ सांगतो की रूपाने बेताची म्हणून सम्राटाचं प्रेम नव्हतं, पण काही विशेष घडलं की पद्य तिच्याकडून लिहून घ्यायचे. ३०० साली ती वारली. दगडावर काय? नाव, गाव, कोणाची उपराणी, कुठल्या दिवशी वारली, कुठे पुरली. कवितेचा शब्द नाही, सद्गुणाचाही नाही. पण दगड उलटा करा: मागे बाप, भाऊ, वहिनी, भावाची मुलं-मुली, सगळ्यांची नावं. त्यातल्या हुईफांग आणि वानसू या दोन भाच्या म्हणजे त्सुओ सने आपल्या लाडावलेल्या लेकींवर जी कविता केली त्यातल्याच. धाकटी वानसू त्या कवितेत तोंडभर लाल रंग माखून बसलेली आहे. राजवाड्यात अडकलेल्या आत्याबरोबर दगडावर माहेर पाठवलं गेलं. हा कुठल्याच साच्यात बसत नाही, आणि मला तो या सगळ्या साहित्यातला फार प्रेमळ दगड वाटतो.

दुसरा दगड श्यू यीचा. ती कोण? जिआ सम्राज्ञीची दूध पाजणारी दाई. २९८ साली वारली, पुढच्या वर्षी पुरली. दगड १९५३ साली निघाला, आणि कवयित्रीला चार ओळी तर दाईला हजाराच्या आसपास अक्षरं! पण लांबीपेक्षा एक वाक्य महत्त्वाचं. २९१ सालच्या राजकीय उलथापालथीत सम्राज्ञी विरोधकांच्या तावडीत होती. तेव्हा या दाईने 'खोटं बोलणं रचलं' आणि तिला तिथून निसटता आलं. लेख हे झाकत नाही, अभिमानाने सांगतो. बान चाओच्या चार गोष्टींत 'बोलणं' म्हणजे मोजकं, सौम्य बोलणं. इथे वेळेवर मारलेली थाप सद्गुण म्हणून कोरली आहे, कारण ती मालकिणीच्या कामी आली. निष्ठा आणि सच्चेपणा यांत निवड करायची वेळ आली तर त्या घराने काय निवडलं ते दगडावर आहे. (ही सम्राज्ञी ३०० साली मारली गेली. श्यू यी आधी गेली म्हणून हा दगड झाला, नाहीतर असा मजकूर कोण कोरून घेणार होतं?)

पैशाचा विषय टाळता येत नाही. तांग काळात हान यू हा गद्याचा बादशहा, आणि त्याच्याकडून लेख लिहून घ्यायला लोक सोनं मोजत. त्याच्याकडे राहणारा लिऊ छा नावाचा तिरसट कवी एके दिवशी ते सोनं उचलून चालता झाला. जाताना म्हणाला, हे थडग्यातल्या लोकांची खुशामत करून मिळवलेलं आहे, माझ्याच उपयोगी पडू दे! तेव्हापासून 'थडग्याची खुशामत' हा चिनीत रूढ शब्दप्रयोग आहे.

म्हणून मी नेहमी विचारते, या लेखाचे पैसे कोणी दिले? आणि ज्यांचे कोणीच दिले नाहीत ते आधी वाचायला घेते. हान यूने आपल्या दाईसाठी लिहिलेला लेख तसा आहे. ली आडनावाची, श्यूचौची बाई. हान यूला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा तो पोरका झाला. दाईला दया आली, ती सोडून गेली नाही, त्याच घरात म्हातारी झाली. ज्याला पाजलं तो परीक्षा उत्तीर्ण झालेला, नोकरीत चढलेला, बायकोमुलांचा झालेला तिने पाहिला. सणासुदीला हान यू बायकोमुलांना घेऊन तिच्यापुढे वाकायचा आणि तिला दीर्घायुष्य चिंतायचा. ८११ साली ती चौसष्टाव्या वर्षी गेली, तिसऱ्या दिवशी पुरली. दाईला पणजोबाचे हुद्दे नाहीत, नवरा नाही, तीन आज्ञापालनांपैकी एकही लागू पडत नाही. साच्याची सगळी खणं रिकामी, म्हणून लेखकाला जे घडलं तेच लिहावं लागलं.

तांग काळाबद्दल बोलताना शांगक्वान वान-अरचा दगड सोडता येत नाही. २०१३ साली श्यानयांगला विमानतळाजवळ तिचं मोडतोड झालेलं थडगं सापडलं, आणि आत ९८२ अक्षरांचा लेख. ही बाई सम्राज्ञी वू त्सेथियनच्या दरबारात फर्मानं लिहायची, पुढे चुंगत्सुंग सम्राटाची उपराणी झाली. ७१०च्या उठावात तिला मारलं. इतिहासग्रंथांत ती कारस्थानी, चुंगत्सुंगच्या वेई सम्राज्ञीच्या गटातली. दगड भलतंच सांगतो. त्या सम्राज्ञीच्या मुलीला, राजकन्या आनलअला, वारस करायचा घाट चालला होता तेव्हा हिने सम्राटाला चार प्रकारे अडवलं: आधी गुन्ह्यांची चौकशी मागितली, ते ऐकलं नाही, पद सोडते म्हणाली, ते मंजूर नाही, केस कापून भिक्षुणी होते म्हणाली, ते फसलं, शेवटी विष प्यायली आणि मरता मरता वाचली. मृत्यूबद्दल मात्र लेख 'अचानक गडबडीत प्राण गेले' एवढंच म्हणतो. ज्याच्या हुकमाने मारलं तो राजपुत्र तेव्हा सत्तेत होता. वेई गटाच्या विरोधातल्या राजकन्या थायफिंगने पाचशे ठाण रेशीम अंत्यविधीला पाठवल्याचीही नोंद आहे, म्हणजे हा मजकूर कोणाच्या बाजूने आहे तेही उघड.

खरं काय ते बाजूला ठेवा. आदर्शाच्या दृष्टीने पाहिलं तर, एका मारल्या गेलेल्या बाईची अब्रू सावरायची होती तेव्हा लिहिणाऱ्याने तिला ताट भुवयांपर्यंत उचलायला लावलं नाही. त्याने तिला स्पष्टवक्त्या मंत्र्याचा सद्गुण दिला, सम्राटाला तोंडावर नाही म्हणण्याचा. शेवटच्या ओळीत 'हजार वर्षं, दहा हजार वर्षं, मिरीच्या फुलांचं स्तोत्र' असं आहे. जुन्या काळी एका बाईने नववर्षाला मिरीच्या फुलांवर पद्य केलं होतं, त्याचा हा धागा. म्हणजे कायम काय उरणार? हिची कविता. त्सुओ फेनच्या दगडाने चारशे वर्षांपूर्वी जे लिहिलं नाही ते इथे शेवटचा शब्द झालं.

आपल्याकडून गेलेल्या बौद्ध धर्माने साच्याला एक दार पाडलं, ते थोडक्यात. 'भिक्षुणी' हा शब्द 'पी-छिऊ-नी' होऊन या दगडांवर दिसतो, आणि जिथे तो येतो तिथे नवरा-मुलगा हा हिशेब ढिला पडतो. त्सछिंग नावाच्या भिक्षुणीचा ५२४ सालचा दगड आहे. ही आधी कोणाची तरी पत्नी, युद्धात पकडली जाऊन उत्तर वेईच्या राजवाड्यात दासी, मग भिक्षुणी, आणि दोन सम्राटांच्या बालपणी त्यांना सांभाळणारी. शहाऐंशीव्या वर्षी आजारी पडली तेव्हा सम्राट स्वतः येऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला, औषधावर देखरेख केली. पुढे सुंग काळात (दहावं ते तेरावं शतक) सू शी या कवीने आपल्या उपस्त्रीसाठी, चाओयुनसाठी, १०९६ साली लिहिलेल्या लेखात ती वज्रच्छेदिका सूत्रातली चार चरणांची गाथा म्हणत गेली असं आहे. स्वप्न, माया, बुडबुडा, सावली, दव, वीज. वय चौतीस, त्याच्या घरात तेवीस वर्षं.

सुंग काळातल्या लेखांत मात्र मला सर्वांत जास्त रस आहे, कारण तिथे साचा सरळसरळ बदलताना दिसतो. १०४४ साली कवी मेई याओछेनची बायको शिए सदतिसाव्या वर्षी वारली. त्याने मित्राला, ओउयांग शिऊला, लेख लिहायला सांगितलं. वर्षभरात सात-आठ पत्रं, प्रत्येकात तीच मागणी. ओउयांगने मग नवऱ्याच्याच तोंडून सगळं वदवलं. ती मोठ्या घरची, नवरा गरीब. कपडे जुने असले तरी धुतलेले आणि सांधलेले, सरकारी घर कितीही पडकं असलं तरी अंगण झाडलेलं. मेल्यावर अंगावर लग्नातलेच कपडे घालावे लागले, यावरून माझी गरिबी समजा, असं तो म्हणतो. आणि मग ही गोष्ट: माझ्याकडे विद्वान मंडळी आली की ती पडद्याआडून ऐकत असे, आणि नंतर कोण किती पाण्यात आहे, राज्यकारभारात काय चुकतंय, ते मुद्देसूद सांगत असे. नवरा पिऊन घरी आला की विचारायची, आज कोणाबरोबर बसला होतात? माणूस चांगला असेल तर खूश, नसेल तर उसासा: तुमच्या ओळखीची एवढी भली माणसं असताना याच्याबरोबर प्यायलात?

१०६५ साली सू शीची बायको वांग फू वारली. पाहा आता. सू शी लिहितो, ती आपण शिकलेली आहोत हे सुरुवातीला कधी बोललीच नाही. मी वाचत बसलो की दिवसभर जवळून हलायची नाही. पुढे मी काही विसरलो की तिला ते आठवायचं. आणि पाहुणे आले की ही पडद्यामागे उभी! नंतर सांगायची, हा माणूस दोन्ही डगरींवर हात ठेवून बोलतो, तुमचा कल बघून बोलतो, याच्याशी बोलून काय मिळणार? आणि जो चटकन गळ्यात पडतो तो चटकन सोडूनही जातो.

ओउयांग हा सू शीचा गुरुस्थानी. मग पडदा खरा की उसना? शिवाय भिंतीतल्या भोकातून नवऱ्याचे मित्र रात्रभर न्याहाळणाऱ्या शान थाओच्या बायकोची गोष्ट त्याच्याही सातशे-आठशे वर्षं आधीची आहे. माझं उत्तर: दोन्ही बायका खरंच ऐकत असतील, घरोघरी बायका ऐकतच असतात. पण तो प्रसंग कोरायच्या लायकीचा ठरला, हे नवीन. एकाच प्रसंगात दोन्ही गोष्टी साधतात: बाई आतच राहते, आणि तिची अक्कल बाहेरच्या कारभारात चालते. कुजबुज करणारी बायको हा दोष होता, त्याला पडदा लावला आणि गुण केला.

दुसरा सुंगकालीन दाखला स्त्रीधनाचा. सू शीच्या आईचा, छंग बाईंचा, लेख सीमा क्वांग या इतिहासकाराने लिहिला. माहेर श्रीमंत, सासर ओढगस्तीचं. कोणी म्हणालं, माहेरी मागत का नाहीस? ती म्हणाली, मागेन, मिळेलही, पण माझा नवरा बायकोला पोसायला दुसऱ्यांकडे हात पसरतो असं लोक म्हणाले तर? नवऱ्याला सत्ताविसाव्या वर्षी अभ्यासाची ओढ लागली. पण घर कसं चालणार याची त्याला चिंता. तिने आपले दागिने-चीजवस्तू विकून धंदा उभा केला आणि काही वर्षांत घर सधन केलं. नवरा आणि दोन्ही मुलं, तिघंही पुढे चिनी गद्याचे आठ थोर लेखक मोजतात त्यांत गेले. सुंगकालीन लेखांत केसातला काटा विकणारी बायको इतक्यांदा भेटते की ती पण साच्यातलीच म्हणायची. पण उलट बाजूने वाचा: विकलं याचं कौतुक होतं, म्हणजे न विकायची मुभा होती. ते तिचंच होतं.

विधवेच्या पुनर्विवाहाबद्दल लोक फार ठाम बोलतात, म्हणून एकच उदाहरण. फान चुंगयान या मोठ्या मंत्र्याच्या शिळेवर ओउयांगने सरळ लिहिलंय की हा दोन वर्षांचा असताना बाप गेला, आईला आधार नव्हता म्हणून तिने चू घराण्यात दुसरं लग्न केलं. लपवाछपवी नाही. १३६८ साली मिंग सरकारने नियम केला की तिशीच्या आत विधवा झालेली आणि पन्नाशीपर्यंत तशीच राहिलेली बाई सन्मानाला पात्र, तिच्या घराला सक्तीच्या श्रमातून सूट. सद्गुणाला वयाची अट आणि वर माफी लागली की लेखांतही त्याच वयाच्या विधवा दिसायला लागतात, यात नवल ते काय.

मुलींच्या लेखांबद्दल न सांगता थांबणं बरं नाही. मुलगी लहान गेली तर साच्याला धरायला काही नसतं: सासू नाही, नवरा नाही, ताट नाही. ८१९ साली सम्राटाने बुद्धाची अस्थी राजवाड्यात आणून पूजण्याविरुद्ध अर्ज लिहिल्याबद्दल हान यूला हद्दपार केलं, आणि अपराध्याचं कुटुंब राजधानीत नको म्हणून आजारी मुलीलाही पाठोपाठ हाकललं. तिचं नाव 'ना', वय बारा. बापापासून तुटली, पालखीत हेलकावे, खाणंपिणं नाही. वाटेतच गेली आणि रस्त्याकडेच्या डोंगराखाली पुरली. चार वर्षांनी बापाने हाडं गावी आणली तेव्हा लेख लिहिला. सुंग काळातल्या वांग आनशीचा, जो पुढे मोठा मंत्री झाला, लेख त्याहून लहान. तो तेव्हा यीन तालुक्याचा अधिकारी. मुलगी १०४७ साली चौथ्या महिन्यात सूर्य उगवायच्या आधी जन्मली, पुढच्या वर्षी सहाव्या महिन्यात सूर्य मावळल्यावर गेली, दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पुरली. फार विलक्षण हुशार होती, ही हाताशी लागणं कठीण अशी मला शंका होतीच. आणि शेवटी एक उद्गार, 'अरेरे' म्हणावा तसा. संपलं. चौदा महिन्यांच्या पोरीत त्याने एकच गुण नोंदवला, हुशारी. सौम्यपणा नाही, आज्ञाधारकपणा नाही.

हे सगळे लेख पुरुषांनी लिहिलेले. बाईने लिहिलेले हाताच्या बोटांवर. त्यांतला एक ११९७ साली शांगराओ इथे जमीन खणताना निघाला आणि होंग माय या विद्वानाने उतरवून ठेवला. तांगकालीन, बायकोने नवऱ्यासाठी लिहिलेला. नवऱ्याचं नाव छाओ यीन. तीनदा परीक्षेला बसला, तिन्ही वेळा नापास. राजधानीच्या वाटेवर मेला. दरबारी आणि गावकरी सगळे हळहळले, ती लिहिते, फक्त मी हळहळले नाही. सासूला मी म्हणाले: दक्षिणेकडे शेत आहे, तुम्हाला पोसायला पुरेल, घरात त्याने लिहून ठेवलेलं आहे, मुलाला शिकवायला पुरेल, जन्म-मरण, भेटणं-तुटणं ही जगाची रीतच, त्यात हर्ष कसला आणि शोक कसला? मग स्वतःबद्दल एक ओळ: माझं आडनाव चौ, मी त्यांची बायको, त्यांच्याकडे परत येऊन आठ वर्षं झाली. तोच शब्द, क्वेई. नाव इथेही नाही, आणि या वेळी ते तिने स्वतःच लिहिलेलं नाही.